घोड्यांकडून शिका

रानटी घोड्यांच्या कळपात कायमचा पुढारी नसतो; कुणीही पाऊल टाकतो, पटले तर बाकीचे मागे येतात. हे तत्त्व कचेऱ्यांत आणणाऱ्या व्यवस्थापनतज्ज्ञांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. कुणी म्हणेल, घोड्याला बढती नको असते, रजेचा अर्जही लागत नाही. आक्षेप क्षुल्लक आहे. गोव्यातल्या डिचोली तालुक्याच्या शिगम्यातली घोडेमोडणी पाहा: कमरेला लाकडी घोडा बांधून माणसे ढोल-ताशांवर नाचतात. मान घोड्याची, पाय माणसाचे, आणि दमतात ते पायच. नेतृत्वाची याहून न्याय्य वाटणी कोणती? कचेऱ्यांनी ती केव्हाच स्वीकारली आहे. सामूहिक नेतृत्वाच्या कार्यशाळेला हजेरी सक्तीची असते. परिपत्रकावर सही एकट्या साहेबांची.