आधी धन, मग ऋण

केमिस्ट्रीचे सर गर्दीतही ओळखू येतात. बाहीवर खडू, खिशापाशी ॲसिडने पाडलेलं बारीक भोक, आणि समोरचा माणूस प्रत्येक वस्तूचं नाव चुकीचं घेतोय अशी खात्री असलेली नजर. आमचे सर आमच्याच चाळीत राहायचे, त्यामुळे ती नजर शाळा सुटल्यावरही आम्हाला पुरायची.

पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर मधोमध रेघ मारली. "डावीकडे धन मूलकं, उजवीकडे ऋण. नाव घेताना आधी धन, मग ऋण. वाण्याच्या वहीत तुमच्या घरचं काय असेल ते असो." मग त्यांनी लग्न लावलं. सोडियम नवरा, त्याचं नाव बदलत नाही. क्लोरीन नवरी, तिचं ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहायचं, क्लोराईड. ऑक्सिजनची ऑक्साईड, सल्फरची सल्फाईड. "झालं मीठ. वाजवा टाळ्या."

मागच्या बाकावरून एका मुलीचा हात वर आला. "सर, इलेक्ट्रॉन तर सोडियमच देतो ना? म्हणजे हुंडा नवऱ्याने दिला. मग नाव हिनं का बदलायचं?"

सरांनी खडू खाली ठेवला. बी.एड.ला हा प्रश्न नव्हता. "नावाला शेपटं लावायची ही पद्धत १७८७ साली पॅरिसला चौघांनी ठरवली," ते अखेर म्हणाले. "त्यातला लाव्हाझिए तुम्हाला माहीत आहे. पण आधीपासून हा विषय लावून धरणारा गिताँ द मोर्व्हो मूळचा वकील. वकिलाशी वाद घालू नये. बस खाली." त्या फ्रेंचांच्या भाषेत आजही क्लोराईड आधी येतं आणि सोडियम मागून, हे सरांना कुणी सांगितलं नाही तेच बरं. रेघ पुसावी लागली असती.

'कॅल्शियम डायक्लोराईड' लिहिणाऱ्याचे कान मात्र लाल व्हायचे. "कॅल्शियमची संयुजा दोन, हे गावाला ठाऊक आहे. दोन क्लोराईड येणारच. त्याची दवंडी कशाला? कार्बनकडे असते ती भागीदारी, तिथे मोनॉक्साईड की डायऑक्साईड, हिशेब सांगावा लागतो. इथे रोख व्यवहार."

लोखंडाचा त्यांना भरवसा नव्हता. कधी दोन इलेक्ट्रॉन देतं, कधी तीन. कमी दिले तर फेरस, जास्त दिले तर फेरिक. आम्ही हुशारीने पाठ केलं की 'अस' म्हणजे दोन, 'इक' म्हणजे तीन. पुढच्या आठवड्यात तांबं आलं. क्युप्रस एक, क्युप्रिक दोन. निम्मा वर्ग तिथेच बुडाला. उरलेल्यांना रोमन आकड्यांनी बुडवलं. आयर्न थ्री क्लोराईडमध्ये तीन लोखंडं असतात असं मी लिहिलं होतं, आणि ते सरांनी सगळ्या वर्गाला वाचून दाखवलं होतं.

घरी काकूंचे हाल याहून वाईट. मोरचूद, नवसागर, हिराकस हे शब्द त्या घरात शिव्यांसारखे मानले जायचे. एका सुट्टीत सरांनी स्वयंपाकघरातल्या बरण्यांना चिठ्ठ्या लावल्या, ठसठशीत अक्षरात, पूर्ण नावासकट. आता 'सोडियम हायड्रोजन कार्बोनेट' एवढं नाव लहान बरणीवर समोरून मावतंय कुठे? चिठ्ठी वळसा घालून मागे गेली. 'सोडियम क्लोराईड'ची अक्षरं सरांनी तेवढीच मोठी काढलेली, तीही मागे गेली. फळीवर शेजारी शेजारी दोन बरण्या, दोन्हींवर समोर एकच शब्द, सोडियम.

दिवाळीला आलेल्या वन्संनी चिंच-गुळाची आमटी केली आणि मीठ म्हणून चांगला दीड चमचा सोडा घातला. आमटी फसफसून पातेल्याबाहेर आली, शेगडीवरून ओट्यावर, ओट्यावरून खाली. वन्सं किंचाळल्या. सर धावत आले, पण पातेलं उतरवायला नव्हे. "बघ, बघ! चिंचेतलं टार्टारिक आम्ल! हा कार्बन डायऑक्साईड!"

"आणि जेवायला काय?" काकूंनी विचारलं.

त्या संध्याकाळी बरण्यांच्या झाकणांवर खडूने 'मीठ' आणि 'सोडा' उमटलं. सरांनी ते पाहिलं. पुसलं नाही. फक्त 'सोडा'च्या आधी बारीक अक्षरात 'खाण्याचा' घातलं, कारण धुण्याचा सोडा म्हणजे कार्बोनेट, आणि दोन सोड्यांची गल्लत ते झाकणावरसुद्धा सहन करू शकत नव्हते.

निवृत्तीनंतरही ते दर रविवारी गॅलरीत आरसा टांगून दाढी करायचे. एकदा वस्तरा हनुवटीला चांगलाच लागला. आम्ही समोरूनच बघत होतो. टॉवेल लाल होत होता आणि सर आत तोंड करून ओरडत होते, "अगं, ते पोटॅशियम ॲल्युमिनि..."

आतून ओ नाही.

"तुरटी! तुरटी दे गं लवकर!"