भूमिपूजनाच्या नारळास अनावृत पत्र

प्रति,
मा. श्रीफळ,
भूमिपूजने व उद्घाटने (सर्व),
कार्यक्षेत्र : सातारा व सांगली जिल्हे.

विषय : रस्ते, पूल व मोऱ्यांच्या देखभालीस आपण जातीने हजर राहण्याबाबत.

महोदय,

रस्त्यांचा आपल्याइतका अनुभव या दोन जिल्ह्यांत कुणालाच नाही. अभियंत्यांच्या बदल्या होतात, पालकमंत्री तर कधीही बदलतात. आपण मात्र खंबाटकीपासून जतपर्यंत सगळीकडे फुटला आहात, काही रस्त्यांना तर दोन-दोनदा. म्हणून दोन्ही जिल्ह्यांच्या एकत्रित देखभाल कार्यक्रमाचा हा अर्ज थेट आपल्याकडेच करतो आहे. इतरांकडे करून उपयोग नाही. आपण असल्याशिवाय ते रस्त्यावर उतरत नाहीत.

दोन जिल्हे एकत्र का, असे आपण विचाराल. १९४९ साली साताऱ्याची उत्तर आणि दक्षिण अशी वाटणी झाली आणि दक्षिण साताऱ्याचे १९६० साली सांगली झाले, ही गोष्ट कृष्णेला अजून कुणी लेखी कळवलेली नाही. ती आपली महाबळेश्वराहून निघते, वाईवरून येते, कऱ्हाडात कोयनेला सोबत घेते आणि सांगलीत आयर्विन पुलाखाली हजेरी लावते. तिथे ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका. २०१९च्या ऑगस्टात ती ५७ फुटांच्याही वर होती. पाऊस साताऱ्याच्या घाटमाथ्यावर पडतो, रस्ता सांगलीचा उखडतो आणि अंदाजपत्रक दोघांचे वेगवेगळे.

बरे, रस्ता मरतोही जागोजागी निराळ्या दुखण्याने. महाबळेश्वरात वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस, जतकडे ५००च्या आसपास. आंबेनळी घाटात दरड येते आणि रस्ताच खाली जातो. कृष्णाकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि वरचे डांबर तिच्याबरोबर फाटते. औषध मात्र सगळीकडे एकच : दिवाळीच्या तोंडावर पॅचवर्क. राज्य खड्डेमुक्त करण्यासाठी सरकारने १५ डिसेंबर २०१७ ही तारीख दिली होती. ती तारीख वेळेवर आली, एवढे मान्य करायला हवे.

आणि ऊस. या विषयावर आपल्याला अवघडल्यासारखे होईल, तरी ऐका. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवफिरवून एक हिशेब काढला गेला : एका ॲक्सलवरचे वजन दुप्पट झाले, तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, सुमारे १६ पट होते. आमच्याकडे हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात आणि ट्रॉलीबाहेर ऊस किती लोंबावा याला धरबंध नसतो. काट्यावर वजन होते ते उसाच्या बिलासाठी. रस्त्याच्या सोसण्याचा आकडा त्या पावतीवर नसतो. हे साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांना सांगायची टाप कुणाची नाही, कारण आपल्याला फोडणारा हात बरेचदा त्यांचाच असतो.

आता खड्डा कुणाचा, हा प्रश्न. १९४३च्या नागपूर योजनेने रस्त्यांची प्रतवारी लावली : राष्ट्रीय मार्ग, प्रांतिक मार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग. पुढे नावे थोडी बदलली, उतरंड तीच राहिली. हेतू चांगला होता, कुठल्या रस्त्याची जबाबदारी कुणावर ते ठरावे. आज तिचा मुख्य उपयोग जबाबदारी नाकारण्यासाठी होतो. महामार्ग प्राधिकरणाकडून बांधकाम खात्याकडे, तिथून जिल्हा परिषदेकडे अर्ज फिरेपर्यंत खड्ड्यात बेडूक संसार थाटतात. नागपूर योजनेच्याही आधी, १९२७ साली नेमलेल्या बॅ. मुकुंदराव जयकरांच्या समितीने रस्त्यांसाठी पेट्रोलवरच्या कराचा वेगळा निधी सुचवला आणि १९२९ साली केंद्रीय रस्ते निधी सुरूही झाला. पैशाची सोय कशी करायची हे आपल्याला शंभरेक वर्षांपासून ठाऊक आहे. पावसाआधी गटार कुणी उपसायचे, ते ठरत नाही.

पूर्वी ते ठरलेले होते. मैलकुली नावाचा माणूस असे. त्याच्या वाट्याला ठरावीक मैल, हातात फावडे-पाटी. मोरीच्या तोंडातला पालापाचोळा काढणे, साईडपट्टीला मुरूम टाकणे, पाण्याला वाट करून देणे, एवढेच त्याचे काम. डांबराचा खरा वैरी पाणी आहे, हे त्याला पुस्तकाविना माहीत होते. त्याच्यासाठी आपण कधी फुटला नाहीत.

पुलांचेही तेच. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पडला. दोन एसटी गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. सावित्रीही महाबळेश्वरचीच. तिथला नवा पूल वर्षाच्या आत उभा राहिला. म्हणजे बांधायची हिंमत आणि वेग आमच्यात आहे. जुन्या पुलाखाली पाण्यात उतरून पायाची माती किती धुपली ते दरसाल पाहणे, हे मात्र फोटो निघण्याजोगे काम नाही.

यास्तव विनंती की, यंदा मे महिन्यात पुढील कार्यक्रमांस आपण उपस्थित राहावे : कऱ्हाड-विटा रस्त्यावर मोरी-उपसा शुभारंभ, पसरणी घाटात गटारातील दगड-काढणी सोहळा, दोन्ही जिल्ह्यांतील पूल, मोऱ्या आणि संरक्षक भिंती यांची एकच यादी, वयासह, तयार केल्याबद्दल लिपिकाचा जाहीर सत्कार. मंडप, हारतुरे, बँड यांची व्यवस्था होईल. कोनशिलाही बसवू : ‘ही मोरी सलग पाचव्या वर्षी तुंबली नाही.’ खाली नावे मात्र मान्यवरांचीच घालू, त्याशिवाय आपण यायचे नाहीत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक करदाता

प्रत माहितीसाठी :
१. कारखान्यांचे चेअरमन (सर्व). सोबत वजनकाट्याची पावती.
२. मैलकुली. पद रिक्त असल्यास फाइलला लावावी.