फाईलवाला पुतण्या

महाराष्ट्रात पुतण्याला काका आठवतात ते बहुधा वारशाच्या प्रश्नावरून. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणरावांनी काकांना हाक मारली, तिच्यामागेही गादीचंच भांडण होतं. आमच्या पुतण्याला मिळालेली गादी दोन माणसांपुरतीच आहे. काका गेले आणि त्याच्यासाठी सॅन स्टॉर्म ठेवून गेले.

सॅन स्टॉर्म म्हणजे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात बनू लागलेली, उघड्या टपाची छोटी स्पोर्ट्स कार. अंग फायबरचं, इंजिन रेनोचं, ११४९ सीसी, ताकद ६० हॉर्सपॉवर. नाव वादळाचं, पण पळायला झुळूक. काकांना झुळूक मंजूर नव्हती. त्यांनी तिला रुंद चाकं घातली, मागे पंख लावला, लाल रंग घालवून पिवळा दिला आणि सायलेन्सर असा बसवला, की गाडीच्या आधी आवाज गल्लीत शिरायचा. वेग होता तेवढाच राहिला. काकू त्या गाडीत एकदाच बसल्या. उतरल्यावर दोन दिवस केस विंचरत होत्या.

काका हयात असताना पुतण्या या गाडीला ‘डबा’ म्हणायचा. तेरावा उरकला आणि डब्याची ‘व्हिंटेज’ झाली. सरकारी नियमानं व्हिंटेज गाडी पन्नास वर्षांहून जुनी लागते आणि तिच्यात मोठे फेरफार झालेले चालत नाहीत, हे त्याला सांगून पाहिलं. “नियम सामान्य गाड्यांना असतात,” तो म्हणाला.

त्याच्या काखेत कायम एक फाईल असते. काका गाडी बेफाम चालवायचे, पण बिलं जपून ठेवायचे. अलॉय, स्पॉयलर, डबल हॉर्न, सीटकव्हरं, सगळं तारीखवार. पुतण्याचं गणित सरळ आहे: गाडीची मूळ किंमत, अधिक सगळी बिलं, अधिक महागाई, अधिक काकांच्या भावना. वजाबाकीचं चिन्ह त्याला खानदानाचा अपमान वाटतं. लग्नाच्या पंगतीत भेटला तरी मठ्ठ्याची वाटी सरकवून फाईल उघडतो. ही जात सगळीकडे आहे. कुणाच्या वाट्याला बुलेट येते, कुणाच्या हार्मोनियम, पण फाईल तीच.

विम्याच्या माणसानं समजावलं, की पाचव्या वर्षात गाडीची विमा-किंमत निम्म्यावर येते आणि त्यानंतर मालक अन् कंपनी आपसांत काय ते ठरवतात. पुतण्यानं एवढं मोठं वाक्य ऐकलं, पण त्यातलं ‘आपसांत ठरवतात’ एवढंच उचललं. आपसांत म्हणजे त्यानं आणि फाईलनं.

आरटीओचा एजंट मात्र तयारीचा निघाला. वारसाच्या नावावर गाडी करायची तर फॉर्म ३१ लागतो, मालक वारल्याचं तीस दिवसांत कळवावं लागतं, इथवर ठीक चाललं होतं. मग त्यानं आरसी बुक पाहिलं, गाडी पाहिली, पुन्हा आरसी बुक पाहिलं. “साहेब, बुकात लाल आहे.” पुढे कलम ५२ निघालं, गाडीच्या मूळ घडणीत मनमानी बदल चालत नाहीत हे २०१९ सालचं सुप्रीम कोर्टही निघालं. पुतण्यानं शांतपणे रंगकामाचं बिल काढून दाखवलं.

अखेर एक खरं गिऱ्हाईक आलं. जुन्या गाड्यांतला जाणता माणूस. त्यानं पंखाकडे बघितलंसुद्धा नाही. वाकून खालची बाजू पाहिली, फायबरवर टिचक्या मारल्या आणि विचारलं, “ओरिजिनल चाकं कुठायत? सायलेन्सर?” ही गाडी बनायची कधीच थांबली, सुटं सामान मिळत नाही, म्हणून भाव त्या सामानालाच. काकांची हौस ही काकांची. ती विकत घ्यायला दुसरा काका जन्माला यावा लागेल.

शोधाशोध झाली. दोन चाकं माळ्यावर सापडली, तिसऱ्यावर काकूंची तुळशीची कुंडी होती, चौथ्यावर गच्चीतला पाण्याचा पाइप गुंडाळलेला. काकूंनी कुंडी हलवायला साफ नकार दिला.

“पंख काढा, सायलेन्सर काढा, चाकं जुनी लावा, मग बोलू,” गिऱ्हाईक म्हणालं. पुतण्यानं लगेच मेकॅनिकला फोन लावला, काढण्याची मजुरी विचारली, फाईलमध्ये टिपली आणि किमतीत मिळवली.