रुखवत आपलं, मिरवते मनिपूर

"काकू, हे भिंतीवर कोनाचे बूट वाळू घातले व? खाली गुट्या हायेत भल्ल्या!"

"आमच्या नातीचे. अकोल्याहून आली न काल. फुटबॉल खेळते पोट्टी. माती पाय किती चिकटली!"

शेजारच्या काकूंचं माहेर अकोल्यात, लेकही तिथेच दिलेली, सासर आमच्या अमरावतीत. त्यामुळे दोन्ही गावांच्या बातम्या आमच्या भिंतीवर रोज ताज्या मिळतात. हातात उलथनं घेऊन काकू बुटाच्या गुट्यांमधली काळी माती खरवडत होत्या. वऱ्हाडातली ही माती पावसाळ्यात चेंडूलाही धरते आणि पायालाही, अन् शाळांचे सामने नेमके त्याच दिवसांत.

"उलथनं रोजचंच हाय का काय?"

"जुनं हाय व! तुले काय पोया खायाच्या हायेत माह्याकडे?"

"मंग, जिंकली का नात?"

"कायची जिंकते! सुब्रतो कपाचा पयलाच सामना. बरोबरी झाली, पेनल्टीवर गेला, हारल्या. चाल घरी. सहा महिने पहाटे उठून पये ते पोट्टी, अन् खेळ किती? घंटाभर! हे कोनतं गनित सांग बरं."

गणित बाद पद्धतीचं आहे. शाळांच्या फुटबॉलचा सुब्रतो कप 1960 पासून चालतो, मुलींचा गट त्यात 2012 मध्ये आला. जिल्हा, विभाग, राज्य, मग देश. देशापर्यंतच्या वाटेत कुठेही एकदा घसरलं की वर्ष संपलं.

"मोठ्या बायांचं बी असंच असते का?"

"त्यायची राष्ट्रीय स्पर्धा हाय न. 1991 पासून. आता तिच्या कपाचं नाव काय हाय, सांगा?"

"मले काय मालूम?"

"राजमाता जिजाबाई करंडक!"

काकूंचं उलथनं थांबलं. "आपल्या सिंदखेडराजाच्या जिजाऊ?"

"त्याच. बुलढाणा जिल्ह्यातल्या, आपल्याच अमरावती विभागातल्या."

"व माय! दर 12 जानेवारीले आमच्या भिशीच्या बाया गाडी करून जातात तिथं. कोनीच नाई सांगतलं. मंग कप कोन नेते? महाराष्ट्र?"

"मनिपूर. वीसच्या वर वेळा नेला त्यायनं. 2023 मध्ये अमृतसरले तमिळनाडूनं हरियाणाले 2-1 नं हारवलं. पुढच्याच वर्षी कोलकात्यात मनिपूरनं हरियाणाले 2-0 नं हारवून पुन्हा नेला."

"म्हंजे रुखवत आपलं, अन् मिरवते मनिपूर!"

"कमावला हाय त्यायनं, काकू. तिथली बेंबेम देवी लहानपनी पोरायसंगं खेळाले भेटावं म्हून पोराचं नाव सांगे. 2020 मध्ये पद्मश्री भेटली तिले."

"हुशार हाय! आमची तं केसं कापाले बी तयार हाय, तिची मायच अडून बसली. म्हनते, काळी पडली, उद्या पाहुने आले तं काय दाखवू? म्या म्हनलं, गोल दाखव."

मी हसले, काकू नाही हसल्या. लेकीशी या गोष्टीवरून त्यांचं बिनसलंय, हे मला पलीकडच्या घरातून आधीच कळलं होतं. पण ते जाऊ द्या.

"विलायतेत पोट्ट्यायले एवढा तरास नसंल," काकू म्हणाल्या.

"जास्त होता! 1920 मध्ये लिव्हरपूलले बायांचा सामना पाहाले 53,000 लोक आले. वर्षभरात तिथल्या फुटबॉल संघटनेनं बायायले आपली मैदानंच बंद केली. पन्नास वर्षं! बायांचा कप सुरू झाला तो 1970-71 मध्ये. अन् आता? 2023 मध्ये वेम्बलीच्या मैदानावर त्याच कपाच्या फायनलले 77,390 लोक होते."

"तिथंबी हारलं का घरी?"

"कपात हारलं का घरीच. पन पुढच्या आठवड्यात लीगचा सामना असतेच. आपल्या जिजाबाई करंडकातबी आधी गटात सगळ्यायसंगं खेळा लागते, मंग सेमीफायनल."

इथे काकूंनी जे धरलं ते मला सुचलं नव्हतं. बूट उलटा करून भिंतीवर आपटला अन् म्हणाल्या, "म्हंजे ज्यायले वर्षभर खेळाले भेटते त्यायलेच पडाची मुभा. अन् आमच्या पोट्टीले वर्षात एक सामना, त्यातबी पेनल्टी. त्या एका घंट्यात कोनाले दिसंल ते कशी खेळते?"

बाद पद्धत स्वस्त असते, दोन दिवसांत उरकते, म्हणून शाळांना तीच परवडते. पण तिच्यात खेळाडू घडत नाही, आधी घडलेला फक्त निवडला जातो. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम या पाच जिल्ह्यांतल्या मुलींचे हिवाळ्यात, माती वाळल्यावर, दर रविवारी साखळी सामने ठेवले तर खर्च काय? एसटीचं तिकीट, अन् डबा घरचा.

"डबे मी देतो," काकू म्हणाल्या. "अन् भिशीच्या बायायले सांगतो, 12 जानेवारीले सिंदखेडराजाले जायाचं तं जाऊ, पन त्याच्या आधीच्या रविवारी पोट्ट्यायचा एक सामना पाहाले आल्याशिवाय गाडीत जागा नाई."

तुमच्या भिशीलाही सांगून पाहा.