समस्त काजवे मंडळींस जाहीर विनंती

प्रति,
समस्त काजवे मंडळी, हिरडा-बेहड्याची झाडे, मुक्काम भंडारदरा, तालुका अकोले, जिल्हा अहिल्यानगर. (पूर्वीचा अहमदनगर. तुम्हाला आधार कार्ड नाही, म्हणून कोणी कळवलं नसेल.)

स. न. वि. वि.

आम्ही पुण्या-मुंबईचे पर्यटक. मे संपताना, पावसाच्या तोंडावर तुमचा महोत्सव भरतो, तेव्हा शनिवारी रात्री शेंडीपासून धरणाला वळसा घालत जी झगमगती रांग दिसते, ती आमची. ती आपलीच भावकी असा गैरसमज नको.

तक्रार अशी, की तुम्ही पुरेसे चमकत नाही. मुतखेलजवळ आम्ही झाडावर हेडलाइट रोखून वाट पाहिली. आधी डिप्पर, मग अप्पर. झाड ढिम्म. पोरांनी मोबाइलचे टॉर्च फिरवले, काकांनी सनरूफमधून डोकं काढून शिट्ट्या मारल्या. शेवटी काकूंनी निकाल दिला, ‘‘रीलमध्ये केवढे होते! सगळं एडिटिंग असतं हो.’’ वाटाड्या म्हणून घेतलेला गावचा पोरगा मात्र ‘‘दादा, दिवे बंद करा ना’’ हेच पालुपद लावून बसला होता. दिवे बंद केल्यावर दिसणार कसं, हे त्याला कोण सांगणार?

हा तुमचा सोयरिकीचा हंगाम, हे मान्य. नर लुकलुकतो, मादी उजेडानंच होकार कळवते, आणि हे उरकायला तुमच्या हाती जेमतेम दोन-तीन आठवडे. पण आमच्या लग्नांतही डोळे दिपवणारी एलईडीची भिंत असते. आमची जुळतातच की! तुमची पोरंबाळं अळीपणी जमिनीवर गोगलगायी खाऊन वाढतात आणि नेमके तिथेच आम्ही तंबू ठोकतो, अशीही कुरबुर कानावर आली. तंबूचं बुकिंग आगाऊ झालेलं असतं. तुमचं होतं का? हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे असं नाक्यावर सांगतात, पण प्रवेशाची पावती आम्हीच फाडली. मग इथलं कोण आणि उपरं कोण?

जिल्ह्यात आणखीही बघण्यासारखं आहे, असं काही शहाणे सुचवतात. निघोजला कुकडी नदीनं खडकात कोरलेले रांजणखळगे आहेत, नगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत असताना नेहरूंनी १९४४ साली ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं. असेल. पण खळगे चमकत नाहीत, आणि पुस्तकाच्या नादी लागायला आम्हाला सवड नाही. सोमवारी साडेनऊला मीटिंग असते.

तरी तुम्ही शेजारच्या अंब्रेला फॉलकडे शिकवणी लावावी. १९२६ साली पुऱ्या झालेल्या विल्सन धरणातून पाणी सोडलं की तो छत्रीसारखा फुलतो, बंद केलं की गप. निसर्गानं असं सांगितल्या वेळी वागावं. तुमच्यासाठी शनिवार, रात्री आठ ते दहा ही वेळ आम्हाला सोयीची आहे.

कळावे, लोभ असावा.
आपला,
पांढऱ्या एसयूव्हीचा मालक

ता. क. हेडलाइट लावून ठेवल्यानं गाडीची बॅटरी उतरली. त्यानंतर म्हणे अख्खं झाड पेटल्यासारखं लखलखलं. आम्ही तेव्हा मेकॅनिक शोधत होतो. पुढच्या खेपेला जरा लवकर सुरू करावे.