जाळ कुठी आहे?

वर्धेत मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर चढला, की ओट्यावर ठेवलेलं वरण आपलं आपणच कोमट होतं, मग गरम करायचं यंत्र विकत कशाला आणायचं, हा माझा जुना आक्षेप. लेकीनं पुण्याहून मायक्रोवेव्ह पाठवला तेव्हा हा आक्षेप मी तिला फोनवर ऐकवलासुद्धा. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, तो आईसाठी आहे. तुम्ही हात लावू नका." असं बजावल्यावरही हात न लावणारा पुरुष आमच्या घराण्यात अजून जन्माला यायचाय.

पहिलं भांडण प्लगशी झालं. त्याच्या पिना जाड आणि आमचं मिक्सरचं सॉकेट बारीक. मी कानस शोधायला लागलो तेव्हा वायरमननं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी विसरणार नाही. आठशे वॅटनं शिजवणारं यंत्र भिंतीतून बाराशेच्या आसपास ओढतं, त्याला सोळा अँपिअरचं स्वतंत्र सॉकेट आणि चांगलं अर्थिंग लागतं, हे त्यानं मला ठेवणीतल्या आवाजात समजावलं. कानस मी सोफ्याखाली सरकवली.

दुसरी गोष्ट किरणांची. बटण दाबलं की मी धूम ठोकून अंगणात तुळशीवृंदावनामागे उभा राहायचो आणि आतून घंटी वाजली की दहापर्यंत आकडे मोजून, किरणं खाली बसली असतील असा अंदाज घेऊन घरात यायचो. माझी आई म्हणायची, "काऊन रे, बम लावला का आत?" शेवटी फिजिक्स शिकणाऱ्या भाच्यानं माझी शिकवणी घेतली. लाट बारा सेंटिमीटरची आणि दाराच्या जाळीची भोकं मिलिमीटरभर; म्हणजे म्हशीनं उंदराच्या बिळातून बाहेर पडण्यासारखं. दार उघडलं की आतला स्विच लाटा तिथंच बंद करतो. मागं काही शिल्लक राहत नाही, अन्नातही नाही. दार वाकडं झालं असेल किंवा नीट बसत नसेल, तर मात्र यंत्राला हात लावायचा नाही, थेट मेकॅनिकला बोलवायचं. "मामा, किरणांची भीती सोडा," तो म्हणाला, "वाफेची धरा."

त्यातलं पहिलं मी लगेच केलं. दुसरं ऐकलंच नाही.

मग काय, लग्नात मिळालेली सोनेरी काठाची बशी आत ठेवली, तिच्या काठावरून निळ्या ठिणग्या नाचल्या; स्टीलचा डबा ठेवणार तेवढ्यात बायकोनं मनगट धरलं; सादळलेला गोरसपाक, म्हणजे आमचं वर्धेचं बिस्किट, पुन्हा खुसखुशीत व्हावा म्हणून मेलामाइनच्या ताटलीत ठेवला, तर ताटली चटका बसेल इतकी तापली आणि गोरसपाक आधी लिबलिबीत आणि गार झाल्यावर दगड झाला; आणि एकदा भाताचं वाडगं तीन मिनिटं फिरवून ऐटीत पानावर घेतलं, तर कडेला जीभ भाजली आणि मध्ये फ्रिजचा गारवा जसाच्या तसा, कारण या लाटा अन्नात दोन-तीन सेंटिमीटरच शिरतात, पुढची ऊब आपल्या पायानं चालत जाते आणि तिला तेवढा वेळ द्यावा लागतो, मध्ये एकदा ढवळावं लागतं. हे सगळं यंत्रासोबतच्या पुस्तकात छापलेलं होतं. पुस्तक मी टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली घातलं होतं.

कॉफीचं मात्र खरंच अंगावर आलं. काचेच्या गुळगुळीत कपात पाणी ठेवलं, मिनिटं वाढवत गेलो, पण बुडबुडा म्हणून नाही. बाहेर काढलं, कॉफीचा चमचा बुडवला, आणि पाणी एकदम भडभडून वर आलं. निम्मं ओट्यावर, निम्मं मनगटावर. गुळगुळीत कपात बुडबुड्याला धरायला जागाच मिळत नाही, म्हणून पाणी शंभराच्या वर जाऊनही साधूसारखं निवांत दिसतं आणि ढवळलं की खरं रूप दाखवतं. आता मी कपात आधीच लाकडी काडी घालतो, बेतानंच तापवतो आणि काढण्याआधी जरा थांबतो. त्या दिवशी फक्त नळाखाली हात धरून थांबलो. बराच वेळ.

आणि मग भरीत. बायको आर्वीला माहेरी गेलेली, आईला भरताची हुक्की आली. आमच्याकडे भरीत म्हणजे तुराट्यांवर भाजलेलं वांगं. साल काळी पडून सुटेपर्यंत आणि धूर गरात मुरेपर्यंत. आता तुराट्या कुठून आणायच्या? मी चांगलं जाडजूड वांगं धुतलं, पुसलं, प्रेमानं तेलाचा हात फिरवला आणि सगळंच्या सगळं आत ठेवलं. आई समोर स्टूल ओढून बसली.

"जाळ कुठी आहे?"

"आत आहे."

"मले तर दिवाच दिसून राहिला."

मी तिला सांगायला लागलो, की १९४५ साली अमेरिकेत पर्सी स्पेन्सर नावाच्या गृहस्थाच्या खिशातलं चॉकलेट रडारच्या नळीपाशी वितळलं, त्यातून हे यंत्र निघालं. १९४७चं पहिलं यंत्र सहा फुटांच्या आसपास उंच आणि साडेतीनशे किलोच्या घरातलं होतं. आणि आपल्या इथं मगनवाडीत त्याच काळात बिनधुराच्या चुलीसाठी डोकी खपत होती, ही बघ शेवटची बिनधुराची—

धडाम.

दार आपसूक उघडलं. वांगं नव्हतं. होता तो फक्त देठ, हिरवी टोपी घालून काचेच्या तबकडीच्या मधोमध उभा. बाकीचं वांगं छतावर, दिव्यावर, आतल्या बाजूच्या अभ्रकाच्या पत्र्यावर आणि थोडं माझ्या चष्म्यावर. सालीच्या आत वाफ कोंडली, तिला वाट मिळाली नाही. स्पेन्सरच्या प्रयोगात अंडंही असंच एका सहकाऱ्याच्या तोंडावर फुटलं होतं म्हणतात, म्हणजे मी परंपरेला धरूनच होतो. आईनं पदरानं माझा चष्मा पुसला, बोटाला लागलेला गर चाखला आणि म्हणाली, "धूर नाही लागला याले."

काट्या-चमच्यानं चार ठिकाणी टोचलं असतं तर वांगं मुकाट्यानं शिजलं असतं. बटाटा, टोमॅटो, अंड्याचा बलक, साल किंवा पापुद्रा असलेलं काहीही आधी टोचायचं आणि घट्ट झाकणाचा डबा आत ठेवायचा नाही. हे मी इतकं मनावर घेतलं, की परवा पाहुण्यांसाठी मायक्रोवेव्हमध्ये पापड भाजायला निघालो आणि सवयीनं ते आधी काट्यानं टोचले.

आईनं पापडांच्या तुकड्यांकडे पाहिलं. "असू दे," ती म्हणाली, "आता याच्यात कांदा-तिखट कालव."