परळातला हिमालय

अल्पाइन वनस्पती म्हणजे डोंगरावर जिथे झाडे संपतात आणि बर्फ अजून सुरू व्हायचा असतो, त्या मधल्या पट्ट्यात राहणाऱ्या वनस्पती. आल्प्समध्ये हा पट्टा साधारण २,००० मीटरच्या आसपास सुरू होतो, हिमालयात साडेतीन-चार हजारांवर. महाराष्ट्रात तो सुरूच होत नाही. कळसूबाई १,६४६ मीटरवर थांबते, विदर्भाचा चिखलदरा १,१०० च्या आसपास दम टाकतो आणि यवतमाळ जिल्ह्यातले राळेगाव या चढाओढीत उतरतच नाही. राळेगावात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि गारवा हा कूलरच्या टाकीत पाणी आहे की नाही, एवढ्यापुरता विषय असतो. तरीही, किंवा म्हणूनच, अल्पाइन वनस्पती राळेगावातून समजून घेणे सोयीचे पडते. या झाडांना जे जे लागते ते राळेगावात नाही. जे चालत नाही ते मात्र बक्कळ आहे.

या वनस्पतींची उंची चार बोटांपलीकडे सहसा जात नाही. वारा डोके वर काढू देत नाही, माती चिमूटभर, उन्हाळा जेमतेम दोन-तीन महिन्यांचा. त्यामुळे झाड जमिनीला चिकटून, अंग आखडून, घट्ट गोल उशीसारखे वाढते. ‘खायला कोंडा निजेला धोंडा’ ही म्हण माणसासाठी रचली गेली असली तरी शब्दशः ती पाळतात या वनस्पतीच. थंडीचे त्यांना भय नाही, कारण हिवाळाभर त्या बर्फाच्या गोधडीखाली कोरड्या झोपलेल्या असतात. त्या मरतात त्या ओलीने. थंडीत मुळाशी पाणी साचले की आठवडाभरात उशीचा मधला भाग तपकिरी होतो आणि मग मालकाचा चेहराही.

राळेगावच्या काळ्या मातीची अडचण इथेच येते. ही माती पाणी धरून ठेवते म्हणून तर पऱ्हाटी तिच्यावर जगते. अल्पाइन झाडासाठी तोच गुण जीवघेणा. त्याच्या कुंडीत बारीक गिट्टी, जाड रेती आणि उपकार म्हणून थोडी माती घालतात. वरून पुन्हा दगडाच्या कचीचा थर देतात, म्हणजे झाडाची मान ओल्या मातीला टेकत नाही. अशी कुंडी राळेगावात कोणी ओट्यावर ठेवली, तर येणारा-जाणारा एकच प्रश्न विचारील, “काहो भाऊ, स्लॅब टाकून राहिले का?”

कुंडी मातीची, तीही रेतीत गळ्यापर्यंत पुरलेली. पाणी झाडाला नव्हे, भोवतालच्या रेतीला घालायचे; कुंडीच्या भिंतीतून झिरपेल तेवढे झाड पिते. इराण-अफगाणिस्तानच्या कड्यांवरची डायोनिशिया तर इतकी नाजूक, की तिच्या पानांवर पाण्याचा थेंब पडला तर मालक फुंकर मारून तो उडवतो. या झाडांसाठी काचेचे घर बांधतात. ते ऊब धरायला नव्हे, पाऊस अडवायला. त्याच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या असतात आणि आत पंखे फिरत असतात. असे घर राळेगावात बांधले तर त्यात फक्त सांडगे आणि कुरडया वाळतील, पण त्या मात्र पहिल्या नंबरच्या.

ही झाडे घरी वाढवण्याच्या छंदाला वळण लावणाऱ्यांत रेजिनाल्ड फारर (१८८०–१९२०) या यॉर्कशायरच्या माणसाचे नाव आधी घ्यावे लागते. त्याने चीनच्या डोंगरांतून झाडे आणि बिया आणल्या, ‘द इंग्लिश रॉक गार्डन’ हा ग्रंथ लिहिला आणि चाळिसाव्या वर्षी उत्तर ब्रह्मदेशातल्या डोंगरात तो वारला. गावाजवळच्या कड्यावर हात पोचत नव्हता म्हणून त्याने बंदुकीत बिया भरून कड्यावर झाडल्या, अशी गोष्ट सांगतात. तिफणीने पेरणाऱ्याला ही पद्धत बियाण्याची नासाडी वाटेल. पुढे १९२९ मध्ये इंग्लंडात अल्पाइन गार्डन सोसायटी निघाली, १९३३ मध्ये स्कॉटलंडात वेगळा रॉक गार्डन क्लब. इंग्लंडच्या प्रदर्शनात सर्वोत्तम झाडाला फाररच्या नावाचे पदक मिळते. स्कॉटलंडात ते जॉर्ज फॉरेस्टच्या नावाचे आहे. फॉरेस्टही युनानमध्ये झाडांच्या मोहिमेवर असतानाच १९३२ मध्ये गेला. पदकाला आपले नाव लागावे असे वाटणाऱ्याने हा तपशील लक्षात घेतलेला बरा.

महाराष्ट्रात या प्रकारचे प्रदर्शन भरत नाही. जवळचा नातेवाईक म्हणजे पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीच्या अखेरीस भरणारे पुष्पप्रदर्शन, किंवा मुंबईच्या राणीच्या बागेतले. पण तिथला न्याय उलटा आहे. तिथे गुलाब टपोरा हवा, डेलिया ताटाएवढा हवा, भोपळा दोघांनी उचलावा लागेल असा हवा. अल्पाइन प्रदर्शनात ताटाएवढे काही आले, तर त्याला बाहेर ठेवायला सांगतील. आपल्याकडे या वनस्पतींच्या स्वभावाचे काही पाहायचे असेल तर साताऱ्याजवळच्या कासच्या सड्यावर जावे. जेमतेम मातीच्या जांभ्यावर तेरडा, गेंद आणि सीतेची आसवे तशीच अंग चोरून उभी असतात. सह्याद्रीतल्या ज्या जागांना २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यांत कास आहे. अर्थात तिथले झाड उपटून कुंडीत लावणे हा छंद नसून गुन्हा आहे. फाररच्या काळी डोंगरावरून पोती भरून झाडे आणण्यात कोणाला वावगे वाटत नसे. आता प्रदर्शनात मान असतो तो घरी बियांपासून वाढवलेल्या झाडाला, आणि त्यासाठी वेगळा वर्गही ठेवलेला असतो.

प्रदर्शनाचा कायदा म्हणजे त्याची नियमपत्रिका. तीत वर्ग दिलेले असतात: प्रिम्युलाचे एक झाड, उशीच्या घडणीचे एक झाड, कंदवर्गातली तीन झाडे, एकाच खंडातली तीन झाडे, असे कित्येक. कुंडीला तिथे ‘पॅन’ म्हणतात. उथळ, पसरट मातीचे भांडे. मराठीत त्याला परळ हा चांगला शब्द आहे, मुंबईच्या परळाशी त्याचा संबंध नाही. परळाचा व्यास मोठ्या विभागात ३६ सेंटिमीटरच्या आत आणि छोट्या विभागात १९ सेंटिमीटरच्या आत असावा लागतो. एकोणीसचे साडेएकोणीस झाले की झाड कितीही देखणे असो, त्याच्यासमोर ‘नियमाला धरून नाही’ अशी चिठ्ठी पडते. ही चिठ्ठी या क्षेत्रातला सर्वांत भीषण दस्तऐवज होय. झाड वाईट आहे असे ती म्हणत नाही. ते चांगले आहे की वाईट हे पाहिलेच नाही, असे म्हणते. तालुक्याच्या कचेरीत सातबाऱ्यावर एक अक्षर चुकल्याने परत फिरलेल्या माणसाला या चिठ्ठीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

तीन झाडांचा वर्ग सर्वांत अवघड मानतात आणि राळेगावकराला तोच सर्वांत लवकर कळेल. तिन्ही परळ एका मापाचे, तिन्ही झाडे एका तोलाची, तिन्ही एकाच दिवशी फुललेली हवीत. दोन उत्तम आणि तिसरे मरतुकडे असेल, तर परीक्षक तिसऱ्याकडेच बघत राहतात. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात तेव्हा हाच हिशेब चालतो. एक बैल थोराड आणि दुसरा खुजा असला, तर झूल कितीही भरजरी असो, शिंगांना बेगड कितीही चमको, पाहणाऱ्याचा हात हनुवटीला जातो आणि तो म्हणतो, “जोडी नाई जमली.” फरक एवढाच, की बैलाची शिंगे रंगवलेली चालतात. अल्पाइनच्या परळात मालकाने काही केल्याचे दिसता कामा नये.

आणि केलेले तर पुष्कळ असते. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री मालक चिमटा, रंगकामाचा मऊ कुंचला आणि मोठा दिवा घेऊन बसतो. उशीतले प्रत्येक वाळके पान चिमट्याने काढतो, दगडावरची धूळ कुंचल्याने झाडतो, परळ बाहेरून घासतो, कचीचा थर ताजा करतो. पहाटे चारला रेतीच्या खोक्यांत परळ बसवून गाडी निघते आणि पुढे गतिरोधक दिसला की मालकाच्या पोटात गोळा येतो. हाच प्रवास राळेगावच्या स्टँडवरून एसटीने करायचा तर परळ मांडीवर घेणे आले. कंडक्टर अर्धे तिकीट मागेल की नाही, हे त्याच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर.

मंडपात पोचल्यावरही जीव भांड्यात पडत नाही. क्रोकसची फुले ऊब मिळाल्याशिवाय उघडत नाहीत. इंग्लंडातला मार्च महिना. सूर्य बाहेर, ढगांच्या पलीकडे, आणि टेबलावर क्रोकस मिटलेला. परीक्षक मिटलेल्या फुलाला काय गुण देणार? मालक दिव्याजवळ उभा राहून परळ फिरवत असतो. राळेगावात यासारखेच संकट चिनी गुलाबावर येईल. हे फूल सकाळी दहाच्या सुमारास उघडते म्हणून लोक त्याला ‘ऑफिस टाइम’ म्हणतात, आणि दुपार कलली की ते मिटते. दहाच्या प्रदर्शनाचे उद्घाटक साडेतीनला येणार, हे ज्याला ठाऊक आहे त्याने चिनी गुलाब आणूच नये.

चिनी गुलाब म्हणजे घोळीच्या भाजीची चुलतबहीण. अल्पाइनच्या टेबलावर मिरवणारी लुईझिया हीसुद्धा जुन्या वर्गीकरणात त्याच कुळातली होती. आता तिला वेगळे काढले आहे, घरात वाटण्या होतात तसे. तिचा एक नमुना मेरिवेदर लुईस याने १८०६ मध्ये अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगरात गोळा केला, वाळवला, फिलाडेल्फियाला आणला. वाळलेले ते मूळ मातीत लावले तर ते जिवंत निघाले. म्हणून १८१४ मध्ये तिचे नाव ठेवले ‘लुईझिया रेडिविवा’, म्हणजे पुन्हा जिवंत झालेली. शेतातली घोळ उपटून बांधावर फेकणाऱ्याला यात नवल वाटत नाही. ती पाऊस पडला की तिथेच रुजते. हा परळ पाहून राळेगावातली एखादी आजी “हे तं घोळीचंच कोणी हाय ना बापा” म्हणाली, तर जुन्या वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने तिला पूर्ण गुण द्यावे लागतील.

परीक्षणाच्या वेळी मालकांना मंडपाबाहेर काढतात. परीक्षक सहसा तिघे असतात, म्हणजे मत बरोबरीत अडकत नाही. ते टेबलावर वाकतात, परळ उचलत नाहीत, काही वेळ काहीच बोलत नाहीत. आधी पाहतात झाडाची तब्येत. मग उशीचा गोल: एका बाजूला झुकलेली उशी म्हणजे कुंडी फिरवायचा आळस. मग फुले: उत्तम डायोनिशियावर ती इतकी दाट येतात की पान दिसत नाही. शेवटी येतो अवघडपणा. वाढवायला सोपे झाड सुंदर असले तरी वाढवायला कठीण झाडापुढे त्याचे चालत नाही. आणि या सगळ्याच्या वर एक कसोटी आहे, ती नियमपत्रिकेत ठळक छापलेली नसली तरी प्रत्येकाला माहीत असते. झाड ‘सुखावलेले’ दिसता कामा नये. खत जास्त झाले, ऊन कमी पडले की झाड ऐसपैस, लांबुळके, ढिले वाढते आणि परीक्षक नाक मुरडतात. वीस वर्षे पंख्याखाली, काचेच्या घरात, थेंब मोजून पाणी पिऊन वाढलेल्या झाडाने असे दिसले पाहिजे, की कालच वादळात कड्यावरून ओढून आणले आहे. गरिबीचा देखावा उभा करायला एवढा खर्च दुसऱ्या कोणत्या छंदात होत असेल तर तो राजकारणात.

झाडे लायकीची नसतील तर पहिले बक्षीस कोणालाच न देता परीक्षक पुढे सरकतात. हा अधिकार त्यांना असतो आणि ते तो वापरतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात भरणाऱ्या तान्ह्या पोळ्यात हे करून पाहावे. नागपूरकर या पोळ्याची सुरुवात दुसऱ्या रघुजी भोसल्यांच्या काळातली, १८०६ सालची सांगतात. म्हणजे लुईझिया वाळत होती त्याच वर्षी. लाकडी बैल सजवून पोरे ओळीने उभी राहतात, परीक्षक ओळीतून फिरतात. पण इथे मालक बाहेर जात नाहीत. मालक चार वर्षांचा असतो, बैलाची दोरी हातात धरून परीक्षकाच्या डोळ्यांत बघत असतो आणि त्याच्यामागे आई, आजी आणि दोन काका उभे असतात. पहिले बक्षीस रोखून धरण्याची कल्पना तिथे कोणी बोलूनही दाखवत नाही. ज्यांना बक्षीस नाही त्यांनाही घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळतो, आणि मापाच्या पट्टीवाचून सगळे पार पडते.

निकालानंतर मंडप उघडतो. मालक आत येऊन आधी दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या वाचतात, मग आपली. बक्षिसाची रक्कम सहसा पेट्रोलची भरपाईही करत नाही, त्यामुळे बोलणे पैशांचे नसून परीक्षकांच्या डोळ्यांचे होते. काही पहिली बक्षिसे साठली की नवख्यांच्या विभागातून वरच्या विभागात जावे लागते. तिथे पुन्हा तीन-चार वर्षे कोणी विचारत नाही.

सायंकाळी परळ घरी येतात. लाकडी बैलाला पुसून, जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर टाकले की वर्षाचे काम संपते. अल्पाइनच्या मालकाचे तेव्हा सुरू होते. उशीवरची सगळी फुले कोमेजली की ती तशीच राहू देऊन चालत नाही; त्यांना बुरशी धरते आणि ती आत उतरते. म्हणून चष्मा लावून, दिवा जवळ ओढून, एकेक सुकलेले फूल चिमट्याने उपसावे लागते. एका मोठ्या उशीवर ती शेकड्यांनी असतात.